येथे कार्ड चालेल

निवृत्त नर्स सुलभाताई गोडांबे यांच्या छातीत कळ येत होती, पण सरकारी विम्याचं कार्ड पाहिलं की गावातला एकेक डॉक्टर हात वर करायचा. शेवटी एका बोळात ‘येथे कार्ड चालेल’ अशी पाटी दिसली आणि ताई आत शिरल्या.

“या सिस्टर! भजी खायचं अजून सोडलं नाहीत ना?”

ताईंनी आवाजाकडे वळून पाहिलं. समोरच्या यंत्राच्या पडद्यावर डॉक्टर गुंजाळ हसत होते. ताईंनी उभा जन्म यांच्याच हाताखाली काढला होता, आणि यांच्या तेराव्याला जेवूनही आल्या होत्या.

“डॉक्टर, अहो तुम्ही तर...”

“गेलोय हो! पण जिवंत डॉक्टर कार्ड घेईनात, म्हणून सरकारनं आम्हा मेलेल्यांचे मेंदू यंत्रात उतरवले. आम्हाला ना फी, ना सुट्टी. हात ठेवा त्या काचेवर.”

ताईंनी हात ठेवला. यंत्र गुरगुरलं, आणि डॉक्टर चष्मा पुसू लागले. वाईट बातमी सांगण्याआधी ते नेहमी चष्मा पुसायचे, हे ताईंइतकं कोणाला ठाऊक!

“काय निघालं, डॉक्टर?”

“सिस्टर,” ते हळूच म्हणाले, “इथं एकट्याला फार जड जातं हो. सोमवारपासून माझ्याबरोबर ड्युटीवर याल?”