रोलनंबर वीस

दर रविवारी सकाळी सांगलीच्या कॉलेजातली आमची बॅच व्हिडिओ कॉलवर नुसता दंगा घालते. सगळे पंच्याहत्तरीपुढचे! रहिमतपूरची राजेश्वरी, निवृत्त हेडमास्तरीण, खरीखुरी हजेरीवही उघडून जुने रोलनंबर पुकारते, गेलेल्यांचे गाळते. आज विसाव्या नंबरावर तिचं पेन अडखळलं. तो जतचा बिरदेव. मंगळवारी मिरजेत त्याची बायपास झाली. त्यानंतर निरोप नव्हता. "रोलनंबर वीस?" तिनं विचारलंच. कॉलेज बुडवून बिरदेव मेंढरांमागं गेला, की आवाज बदलून त्याची हजेरी मीच द्यायचो. आजही तोंडून निसटलं, "हजर, बाई!" कुणी हसलं नाही. "लालासाहेब, अजून प्रॉक्सी?" म्हणत तिनं चष्मा पुसला, पण वहीत खूण केलीच. तेवढ्यात पडद्यावरचा, कुणाच्या लक्षात न आलेला एक काळा चौकोन उजळला. पांढरी उशी, नाकात नळी आणि तोच घोगरा आवाज, "प्रॉक्सी खोडा, बाई! आज मी सोता हाय!"