वीरण्णाचा ओटा

केरबानं घण उचलला आणि बायका जाऊन गतिरोधकावर बसल्या. तापलेल्या सिमेंटवर, मांडी ठोकून, रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन.

"फोडू देणार न्हाई," त्यांच्यातली दानम्मा म्हणाली. "आधी आमच्यावर घाल घण."

केरबानं घण खाली ठेवला आणि शेषेराव इंजिनिअरांकडं पाहिलं. शेषेरावांनी कपाळाला हात लावला. हा गतिरोधक त्यांनीच बांधला होता.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवा जिल्हा, नव्या कॉलन्या, नवे रुंद रस्ते, आणि रस्ते रुंद म्हणून मोकाट सुटलेल्या गाड्या. याच चौकात जगदेवीचा वीरण्णा सायकलवरून शाळेला निघाला आणि वळणावर ट्रकखाली गेला. जगदेवी रडत घरात बसली नाही. नगरपालिकेच्या पायरीवर येऊन बसली, रोज. "माझा गेला. दुसरीचा जाऊ नये, एवढं करा," एवढंच म्हणायची. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतेच शिकून आलेल्या शेषेरावांनी जीव ओतून नकाशा काढला. गाड्यांना भरधाव वळताच येऊ नये म्हणून चौकाचे कोपरे आवळले. पायी जाणाऱ्यांना मध्ये थांबायला कट्टा केला. आणि रस्त्याला आडवा, ओट्यासारखा रुंद गतिरोधक घातला. लोक त्याला वीरण्णाचा ओटा म्हणू लागले. पोरं बिनघोर सायकली हाणत शाळेला जाऊ लागली. आपल्या हातून एक तरी काम नीट झालं, असं शेषेरावांना वाटायचं.

मग पाऊस रुसला तो रुसलाच. नळ कोरडे पडले आणि टँकर सुरू झाले, पण ते पाणी कुणाला पुरेना. टँकरला या चौकाशिवाय दुसरा रस्ता नव्हता. गच्च भरलेला टँकर ओट्यावर चढला की वरच्या झाकणातून पाणी उसळून खाली सांडायचं. हे एका बाईनं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चौकात जत्रा भरली. घागरी, डबे, पातेली, लेकरांच्या हातात तांबे. ड्रायव्हर धास्तावले, टँकर मुंगीच्या पावलानं नेऊ लागले. पाणी कमी सांडू लागलं, तशी लेकरं आणखी आत घुसू लागली. परवा नागुबाईची नात तांब्या घेऊन चाकाशी वाकली आणि चढता चढता टँकर मागं घसरला. पोरीचा पाय गुडघ्यापासून गेला.

शेषेराव दवाखान्यात जाऊन आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. ओटा फोडायची परवानगी त्यांनी स्वतःच मागून आणली.

"माझं ऐकत नसाल तर जगदेवीकाकूंचं तरी ऐका," ते बायकांना म्हणाले आणि तिला बोलावणं धाडलं. ती काय म्हणणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. वीरण्णा गेल्यापासून तिनं या चौकात पाऊल टाकलं नव्हतं. परसातल्या आडाला थोडं पाणी होतं, म्हणून पाण्यालाही कधी आली नव्हती.

जगदेवी आली. बायका सरकल्या. दानम्मानं मान खाली घातली. जगदेवी वाकली आणि सिमेंटवरून हात फिरवत राहिली, किती तरी वेळ. शेषेरावांना ते बघवेना.

"काकू, तुम्हीच सांगा यांना. लेकरं वाचावीत म्हणून बांधला होता. आता हाच लेकरांच्या जिवावर उठलाय."

"खरं हाय," जगदेवी म्हणाली.

शेषेरावांना हायसं वाटलं. त्यांनी केरबाला खूण केली. केरबानं पुन्हा घण उचलला.

"आमचा आड काल आटला," ती तशीच वाकून बोलली. "धाकटी तापानं फणफणून राहिली. घरात घोटभर न्हाई."

मग तिनं पदराआडची कळशी काढली आणि ओट्याच्या कडेला, दानम्माच्या घागरीशेजारी ठेवली.

"फोडू नका, साहेब. अजून चार बोटं वर घ्या. आता पहिल्यावाणी सांडत न्हाई."