उजळमधला ळ

“‘उजळ’ नको, ‘उजल’ म्हणा,” पथकप्रमुख पुन्हा म्हणाले. “गाण्याच्या या स्पर्धेत भारत पहिल्यांदाच उतरतोय. उद्या सगळं जग टीव्हीवर बघणार. तुमचा तो ळ कुणाला कळणार आहे?”

“सर, ळ काढला तर गाणं माझं राहत नाही.”

“उद्या ळ ऐकू आला, तर पुढे तुम्हाला कोण गायला उभं करतं ते बघतोच,” म्हणत ते तरातरा निघून गेले.

शेजारी नॉर्वेची गायिका बुटाची नाडी बांधत होती. ती सहज गुणगुणली, “उजळ, उजळ...” ळ अगदी आमच्या साताऱ्याचा.

“तुला कसा जमला?” मी थक्क झाले.

“आमच्या गावच्या बोलीत आहे. पण तो गावंढळ वाटतो म्हणून माझ्या गाण्यातून काढायला लावला.”

“आणि तू काढलास?”

तिने नाडीची गाठ करकचून आवळली.

दुसऱ्या दिवशी मी ‘उजळ’च गायले, ठणठणीत. विंगेत सरांनी कपाळाला हात लावला.

माझ्यानंतर नॉर्वेची पाळी होती. तिच्या गाण्यातला एकही शब्द मला कळला नाही. पहिल्याच ओळीतला ळ तेवढा कळला.