साडीवरचे बूट

ट्रेडमिलसमोरच्या खुर्चीवर मी आईचे बूट ठेवले. अगदी कोरे, तळांना धूळही न लागलेले.

चालता चालता बाबा अडखळले. "हे कशाला आणलेस?"

"तुम्ही चाला."

आईच्या बायपासनंतर डॉक्टरांनी तिलाही हृदयरुग्णांच्या ह्याच व्यायामवर्गाला यायला सांगितलं होतं. तिने हौसेने बूट आणले. बाबा जिन्यात शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "साडीवर बूट? सर्कशीत निघालीस का? आणि माझ्या पोळ्या कोण करणार? घरात फिरतेस तेवढा व्यायाम पुरे." आईने बूट खोक्यात ठेवून दिले. वर्षाच्या आत ती गेली.

मग झटका बाबांना आला. त्यांच्या बुटांना कुणी हसलं नाही; मीच त्यांना गाडीतून इथे घेऊन आले. हॉलमध्ये सगळे पुरुषच चालत होते आणि त्यांच्या बायका बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसल्या होत्या.

बाबांनी मान फिरवली. मी खुर्ची त्या बाजूला सरकवली.

"उद्या नको आणूस," ते धापा टाकत म्हणाले.

"रोज आणणार." मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. "चाला, बाबा. तुम्हाला खूप वर्षं जगवायचंय मला."