मांडीची जीभ

“बोला हेडसर, बिनधास्त बोला! मी केलेली जीभ आहे, गळून पडायची नाही,” सर्जन म्हणाला आणि मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांकडे बघून हसला. कॅन्सरने खाल्लेली निम्मीअधिक जीभ काढून तिथे त्याने मांडीचं मांस रक्तवाहिन्यांसकट बसवलं होतं. तेव्हापासून रोज चार माणसं आणून तो ती दाखवायचा, घरात नवा सोफा आल्यासारखी.

खाटेवरच्या निवृत्त हेडसरबद्दल तर बोलायलाच नको. जन्मभर ज्याच्या-त्याच्यावर जिभेचा पट्टा चालवला. शिपाई गाढव, शिक्षक मठ्ठ, आणि बायको तर माणसातच नाही. आता हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि नव्या जिभेला तिचा पत्ताही नव्हता. बायको पुसत होती. तरी तिच्यावरच डोळे वटारत होता मेला!

म्हाताऱ्याने उशाशी ठेवलेल्या लिहायच्या पाटीसाठी हात पुढे केला. सर्जनने पाटी उचलून काखेत मारली.

“लिहिणं बंद. बोलायची सवय व्हायला हवी. आणि मान हलवायची नाही हं, तिथला जोड अजून कच्चा आहे. उद्या घरी सोडतो. सांगा बघू, घरी तुमचं कोण करणार?”

म्हातारा बोलला. म्हणजे चूळ भरल्यासारखा आवाज आला. शिकाऊ डॉक्टर एकमेकांची तोंडं बघू लागले.

“काकू, तुम्हाला कळलं?”

न कळायला काय झालं! जन्मभर तेच ऐकलेलं. ‘ही आहे ना, फुकटची. हिला दुसरं काम काय? लेकीकडे जायचं नाव काढलं तर तंगडं मोडून हातात देईन.’

लेकीचे दिवस भरत आले होते. पहिल्या वेळीही त्याने आईला पाठवलं नव्हतं. पोर एकटी रिक्षाने दवाखान्यात गेली होती.

बायकोने रुमालाची घडी घातली.

“म्हणतायत, माझ्यासाठी माणूस ठेवा. पेन्शन कशासाठी आहे? तू लेकीकडे जा. बाळंतपण नीट उरकून सावकाश ये.”

“वा! ऐकलंत? केवढं लांब बोलले!” सर्जनची छाती फुगली. कळलं कुणालाच काही नव्हतं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांची जीभ ना ती!

म्हातारा लालबुंद झाला. खाटेवर मूठ आपटत गुरगुरला, ओरडला. लाळ सदराभर झाली.

“उत्साह बघा यांचा!” सर्जनला आनंद मावेना. “शाब्बास! आता काय म्हणतायत, काकू?”

बायकोने खाटेखालून पिशवी ओढली आणि खांद्याला अडकवली.

“गाडी चुकेल म्हणतायत. अगं, निघ लवकर.”