पाच पानांची गुप्तता

"इथे सही कर, उनाताई. इथेही. आणि शेवटच्या पानावर."

नर्स लुपेने फॉर्म पुढे सरकवला. मागच्या बोटीने राजधानीतून आलेला, पाच पानी. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय तिच्या आजाराची माहिती डॉक्टरांखेरीज कोणालाही कळता कामा नये, एवढंच सांगायला पाच पानं खर्ची घातली होती.

"नवऱ्यालाही नाही?" उनालोतोने विचारलं.

"नवऱ्याला तर नाहीच. तू त्याचं नाव कुठे लिहिलंयस?"

उनालोतोला तेच हवं होतं. छातीतली गाठ तिने चार महिने लपवली होती. या बेटावर आजार कळला की नातेवाईक अंत्यविधीला द्यायच्या चटया आणि डुकरं घेऊन दारात रडायला बसतात, आणि माणूस जिवंतपणीच स्वतःच्या मयताला हजर राहतो. त्यात तिचा नवरा फिनाऊ पहिल्या नंबरचा रडका. तो मासेमारीला गेलेला पाहूनच ती आज दवाखान्यात आली होती; तपासणीचा निकाल बोटीने, बंद पाकिटात आला असेल अशी तिची समजूत होती.

लुपेने दार लावलं. खिडक्या लावल्या. बाहेर बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना हुसकावलं. फॉर्म कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. मग ती बिनतारी संचापाशी बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "डॉक्टर, उनालोतो, वय बावन्न, डाव्या स्तनात गाठ. निकाल आला का?"

बेटावर फोन नाही. डॉक्टरांशी बोलायचं ते या संचावर, रोज दहा वाजता. तसाच संच दुकानात आहे, पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरात आहे, प्रत्येक होडीत आहे. लोक एक वेळ प्रार्थना चुकवतील, दहाची वेळ नाही. लुपेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सुट्टीच्या दिवशी तीही कान लावून बसायची. पण फॉर्ममध्ये संचाचं नाव नव्हतं, आणि फॉर्ममध्ये नाही ते लुपेच्या डोक्यात कुठून येणार?

संच खरखरला. "उना, मी होडी वळवलीय गं," फिनाऊचा रडवेला आवाज आला.

"फिनाऊ, ही माहिती गुप्त आहे," लुपे कडाडली. "तुला ऐकायची परवानगी नाही."

उनालोतोला लुपेचा राग आला, आपल्या तीन सह्यांचा आला, फुकट गेलेल्या चार महिन्यांचा तर फारच आला.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "निकाल मी फक्त रुग्णालाच सांगेन, नियम आहे. बाई, तुमच्या आजूबाजूला कोणी नाही ना?"

उनालोतोने लुपेच्या हातातला माइक ओढून घेतला.

"सगळं बेट बसलंय, डॉक्टर. सांगून टाका, म्हणजे मला घरोघर फिरायला नको."