पंपघरातली चाचणी

अकरा वाजून गेले तरी श्रीकांतने घंटेचं बटण दाबलं नाही. पंप बंद करून तो पंपघरातल्या लोखंडी खुर्चीवर बसून राहिला. खिडकीतून गेटकडचा रस्ता दिसत होता. त्या रस्त्यावरून दोन माणसं धावत यायला हवी होती. एक कुत्रं आलं आणि सावली बघून पसरलं.

नियम त्याचाच होता. सिल्वासातल्या या सूत रंगवण्याच्या कारखान्यात तो सेफ्टी ऑफिसर होऊन आला, तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या डोळ्यांत खुपला तो नथू. शहाद्याकडचा हा माणूस आठ वर्षं कारखान्याच्या पार मागच्या टोकाला, सांडपाण्याच्या विहिरीवर एकटा काम करत होता. जाळी तुंबली की शिडीने बारा फूट खाली उतरायचा. वास जास्त आला की वर यायचं, एवढीच त्याची सुरक्षितता. श्रीकांतने त्याच्या जोडीला दुसरा माणूस मागितला. मॅनेजर म्हणाले, आठ वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार आहे? तीन महिने फायली हलवून शेवटी मिळाली एक घंटा, बटण पंपघरात आणि आवाज गेटवर. नथूने दर तासाला बटण दाबायचं. घंटा वाजली नाही, तर गेटवरून दहा मिनिटांत दोन माणसं यायची.

घंटा आज अकरापासून सुरू व्हायची होती, आणि त्याला ती पहिल्याच दिवशी पारखून बघायची होती. नथूला त्याने गमबूट घालूनच कॅन्टीनमध्ये नेऊन बसवलं. पंपघरासमोरच्या विहिरीचं झाकण उघडं ठेवलं आणि माणूस आत उतरलाय असं वाटावं म्हणून नथूच्या चपला काठावर मांडल्या.

"साहेब, पन बारा वाजता..." नथू म्हणायला लागला होता.

"कुणालाही सांगायचं नाही म्हणजे नाही," श्रीकांतने त्याला तोडलं. "घरच्यांनासुद्धा नाही."

साडेअकरा झाले. पत्रा तापला. शर्ट पाठीला चिकटला. पावणेबाराला त्याने मनातल्या मनात मॅनेजरला लिहायच्या पत्राचा मजकूर तयार केला, आणि बाराला तो आणखी कडक केला. बाराची घंटाही त्याने वाजवली नाही. कुत्रं कूस बदलून झोपलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून एका बाईची हाक आली. "ओ संजूचे पप्पा!"

श्रीकांतच्या कपाळावर आठ्या चढल्या. तारेच्या कुंपणामागे कामगारांची चाळ होती. नथूची बायको कोंडाबाई डबा घेऊन आली असणार. आता हिला ओ दिली की ही चाळभर सांगत सुटणार, आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात. तो गप्प बसला. हाक मारून कंटाळेल आणि जाईल.

ती गेली नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग पुन्हा. चौथ्या हाकेला आवाज फाटला. कुंपणाच्या तारा करकरल्या. श्रीकांत चरफडत उठला. बाहेरच्या माणसाला आत यायची परवानगी नाही, हे कोणी सांगायचं या लोकांना?

तो दाराशी आला तेव्हा तिने पदर कमरेला खोचला होता. चपलांशेजारी डबा आडवा पडला होता. एक पाय शिडीवर होता, आणि बघता बघता ती छातीपर्यंत विहिरीत गेली.

श्रीकांत आयुष्यात तसा कधी धावला नसेल. त्याने तिचा दंड धरला आणि ओढलं. ती वर यायला तयार नव्हती.

"सोडा. ते आत आहेत."

"आत नाहीत. कॅन्टीनमध्ये बसलेत. बाई, वर या, मी सांगतो ना."

ती वर आली आणि काठावरच बसली. तारेने तिची पोटरी फाटली होती. "मग तुम्ही ओ का नाही दिली?" ती म्हणाली. "मी कवाची बोंबलतेय."

श्रीकांतने झाकण लावून कुलूप घातलं आणि तो तरातरा गेटवर गेला. वॉचमन दत्तात्रय शांतपणे तंबाखू मळत होता. समोर वही होती. अकरा वाजता, ठीक. बारा वाजता, ठीक.

"घंटा वाजली होती?"

"नाही, साहेब."

"मग ठीक कसं लिहिलंत?"

"वाजली नाही म्हणूनच ना," दत्तात्रय म्हणाला. "काही झालं असतं, तर त्याने वाजवली असती."

कॅन्टीनमधून नथूला घेऊन श्रीकांत परत निघाला. दोरी धरायला दुसरा माणूस मिळेपर्यंत हे कुलूप उघडणार नाही, किल्ली माझ्या खिशात राहील, मॅनेजरनी विचारलं तर माझं नाव सांग, असं त्याने नथूला वाटेतच बजावलं. नथूने मान हलवली. त्याचं लक्ष पुढे, बायकोच्या रक्ताळलेल्या पायाकडे होतं.

ती अजून तिथेच बसली होती, भाकरीला लागलेली माती झटकत. श्रीकांतचा सगळा वैताग तिच्यावर निघाला.

"त्या विहिरीत गॅस असतो. दोन श्वासांत माणूस आडवा होतो. हे ठाऊक नाही तुम्हाला?"

"ठाऊक आहे. संजूचे पप्पाच सांगतात रोज."

"आणि तरी उतरत होतात?"

कोंडाबाईने भाकरी डब्यात ठेवली आणि मान वर केली.

"मग दुसरं कोन येनार होतं, साहेब?"